आवाजाला माध्यम लागतं



आवाजाला माध्यम लागतं, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं. पेपरात लिहिलं, दोन मार्क घेतले आणि सोडून दिलं. मला ते सोडता आलं नाही. मिलमध्ये खपणाऱ्याला आवाज सोडत नाही, म्हणून तो आवाजाचा विचार करतो. पुस्तकं मिळाली तशी वाचली. काही वाचनालयात, काही रद्दीत. जे समजलं ते आपल्या पोरांसाठी लिहून काढतो आहे.

१६६० साली रॉबर्ट बॉईलनं आपले हवेचे प्रयोग छापले. त्यातला एक असा. काचेच्या भांड्यात चालतं घड्याळ टांगलं आणि पंपानं आतली हवा उपसत नेली. टिकटिक मंद होत गेली. हवा परत आत सोडली, टिकटिक परत आली. घड्याळ तर सारखं चालूच होतं.

हे मी वस्तीत सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "भाऊ, मले तर हे आपल्या बुढ्यायचं वाटते. वरडत तर होते ना बापा ते. भांड्यातली हवाच काढून घेतली होती."

पोरगा बरोबर बोलला. पण इथंच थांबलो तर ती नुसती उपमा होईल. आपल्या अंकांतून उपमा पुष्कळ झाल्या. पाणी पेटलं, दगड बोलले, सूर्य उगवले. मीही कविता लिहितो, उपमेशी माझं वैर नाही. पण उपमेच्या आधी वस्तू नीट समजून घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. पाण्यातून, दगडातून, लोखंडातून आवाज खरोखर कसा जातो ते आधी बघू. मग आपलं काय ते बोलू.

आवाज म्हणजे इथून उचलून तिथं ठेवायची वस्तू नाही. चंद्रपूरहून वरोऱ्याला जाणारी भरगच्च एस.टी. डोळ्यांपुढं आणा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. एक माणूस दुसऱ्यावर रेलला, दुसरा तिसऱ्यावर. धक्का पार टोकाच्या माणसापर्यंत गेला. पण माणसं आपापल्या जागेवरच. कोणी कुठं गेलं नाही, गेला तो फक्त धक्का. आवाज असाच जातो. हवेचा कण शेजारच्या कणाला दाबतो आणि आपल्या जागेवर परत येतो. शेजारचा पुढच्याला दाबतो.

आता वेग. २० अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पाण्यात सुमारे १,४८० मीटर. पोलादात पाच हजारांच्या वर. लहानपणी भांदक स्टेशनच्या बाजूला रुळाला कान लावून गाडी ओळखणारी पोरं आपण पाहिली आहेत. कोणी करू नये असला खेळ, पण त्यामागचं विज्ञान खरं आहे. रुळातून येणारा आवाज हवेतून येणाऱ्या आवाजाच्या कितीतरी आधी पोचतो.

वस्तू जितकी जड तितका आवाज लवकर, असं बरेच जण सांगतात. शिकवणारेही सांगतात. ते खोटं आहे. शिसं पोलादापेक्षा जड. तरी शिशातून आवाज पोलादाच्या निम्म्या वेगानंही जात नाही. कारण शिसं मऊ. दाबलं की दबून राहतं. पोलाद दाबलं की उलटून दाबतं. आवाजाचा वेग येतो तो या उलटून दाबण्यातून. जडपणा तर उलटा मागं ओढतो. पाणी हवेपेक्षा आठशे पटीनं जड आहे, पण ते दाबायला हवेपेक्षा पंधरा हजार पटीनं कठीण आहे. म्हणून जड असूनही पाण्यातून आवाज हवेच्या सव्वाचार पट वेगानं धावतो.

शिशाचं नाव निघालं की आपल्या माणसाला दुसरं काही आठवतं. गौतम धर्मसूत्रात शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापवलेलं कथील आणि लाख भरावी, अशी शिक्षा सांगितली आहे. आपण भाषणांत शिसं म्हणतो, मूळ शब्द कथलाचा आहे. पण धातू कोणता यानं काय फरक पडतो? लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. माणसाला गप्प करायचं तर जीभ कापून भागत नाही. ऐकायची वाट बुजवावी लागते. ऐकलंच नाही तर बोलणार काय?

आणि त्या शिशा-पोलादाच्या हिशेबात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. मोर्चात माणसं किती, वस्तीत घरं किती, मतं किती, हे आपण मोजतो. हा जडपणाचा हिशेब झाला. एका घरावर धक्का बसला तर शेजारचं घर किती लवकर उलटून दाबतं, हा ताठपणाचा हिशेब. तो आपण मोजत नाही. दोनशे घरांची वस्ती शिशासारखी असली तर धक्का दुसऱ्या-तिसऱ्या घरात जिरतो. मग चौकातला मोठा बोर्ड काय करणार?

आता पाण्याकडे येतो.

१८२६ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडन आणि स्टुर्म यांनी पाण्यातल्या आवाजाचा वेग मोजला. रात्रीची वेळ. एका होडीखाली पाण्यात घंटा सोडलेली. घंटेवर ठोका पडला की त्याच क्षणाला वर बंदुकीची दारू पेटायची. साडेतेरा किलोमीटर लांब दुसरी होडी. तिच्यातला माणूस पाण्यात लांब नळी सोडून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून बसलेला. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. साडेनऊ सेकंदांच्या आत आवाज पोचत होता. हवेतून त्याच अंतराला चाळीस सेकंद लागले असते. पाणी ८ अंशाला होतं. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. आजच्या यंत्रांनी मोजला तरी जवळपास तेवढाच भरतो.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कागदावर तळं आधीच खुलं होतं. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला होता, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला होता. ठराव झाला तरी पाणी लांबच होतं. सत्याग्रहानंतर मार खाल्ला तो आपल्या लोकांनी, आणि बाटलं म्हणे तळं. मग १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध केलं. पुढं कोर्टकचेरी. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

एका देशात माणसं पाण्याला विचारत होती, तू आवाज किती लवकर नेतोस? आपल्या देशात माणसं माणसाला विचारत होती, तुझी जात कोणती? दोन्ही प्रश्न पाण्याच्या काठावरच विचारले गेले.

मी एक साधा हिशेब केला. चवदार तळ्याच्या पाण्याला ओंजळ लागली तेव्हा पाण्यात जो बारीकसा आवाज झाला असेल, तो सेकंदाला १,४८० मीटरच्या हिशेबानं तळ्याच्या चारी काठांना अर्ध्या सेकंदाच्या आत भिडला असणार. पाण्याचा एक कण राहिला नसेल ज्याच्या अंगावरून ती चाहूल गेली नाही. घागरी भरायच्या कितीतरी आधी. जे अर्ध्या सेकंदात सगळ्या तळ्याला शिवून गेलं, ते १०८ घागरींनी काढणार कसं?

पण पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर मी पुन्हा उपमाच करत बसेन.

आमच्या भद्रावतीत तलाव आहेत, एका तलावात जुना दगडी पूल आहे. उन्हाळ्यात पाण्यात डोकं बुडवून बघा. काठावरची पोरं बोंबलत असतात, आत काहीच येत नाही. पण पाण्याखाली कुणी दोन दगड एकमेकांवर आपटले तर वाटतं, कानाशीच आपटले. कुठून आवाज आला तेही समजत नाही. हवेत आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित मागून पोचतो, त्यावरून मेंदू दिशा काढतो. पाण्यात आवाज इतका वेगानं येतो की दोन कानांतला तो फरक चौथाईवर येतो आणि दिशा हरवते.

काठावरची बोंब आत का येत नाही? पाणी आवाज चांगला नेतं, मग घेत का नाही? उत्तर असं: दोन माध्यमांच्या सीमेवर आवाज किती पलीकडे जाईल हे त्या दोन माध्यमांत फरक किती यावर ठरतं. हवा मऊ आणि हलकी, पाणी ताठ आणि जड. फरक एवढा मोठा की हवेतून आलेल्या आवाजाच्या हजार भागांतला एक भाग पाण्यात शिरतो. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव पृष्ठभागावरून माघारी.

इथं आपला कवी लगेच म्हणेल, हीच गावाची वेस! थांब गड्या. निसर्गाची सीमा दोन्ही बाजूंनी सारखी असते. पाण्यातून हवेत जायचं तरी हजारातला एकच भाग जातो. गावाची वेस तशी नाही. गावाचा हुकूम वस्तीत पुरा पोचतो. ढोर मेलं की पोचत होता, मयत झालं की पोचत होता, आज मजूर पाहिजे असला की पोचतो. वस्तीचं म्हणणं तेवढं वेशीवरून माघारी येतं. एकतर्फी सीमा निसर्गात फुकट मिळत नाही. ती कुणीतरी बांधावी लागते आणि रोज राखावी लागते. म्हणून 'हे तर असंच चालत आलं' म्हणणाऱ्याला सांगा, असंच चालत असतं तर दोन्हीकडून सारखं चाललं असतं.

माघारी येणाऱ्या आवाजाचाही एक उपयोग आहे. तो आमच्या विजासन टेकडीत बघायला मिळतो. तिथं आपली बौद्ध लेणी आहेत. इंग्रजांच्या काळात कनिंगहॅम येऊन त्यांची नोंद करून गेला. डोंगरात सरळ आत शिरलेली लांब अरुंद वाट, आणि तिच्या शेवटी खडकात कोरलेली बुद्धाची मोठी मूर्ती. आत उभं राहून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं तरी आवाज भरून येतो. कारण तेच. हवा आणि खडक यांच्यात फरक फार, खडक आवाज आत घेत नाही. भिंतीवरून भिंतीवर जातो, विरायला वेळ लागतो. एक जण म्हणतो तेव्हा दहा जण म्हणत आहेत असं वाटतं. कोरणाऱ्यांनी हे जाणून कोरलं की नाही, मी सांगत नाही. मी एवढंच सांगतो, जो दगड तुमचा आवाज घेत नाही त्याला आतून पोखरून घर केलं, तर तोच दगड तुमचा आवाज सांभाळतो.

आता चामड्याचं. डफडं आपल्या लोकांनी सोडलं, आणि का सोडलं ते सगळ्यांना माहीत आहे. मानाचं वाद्य म्हणून कोणी ते हातात दिलं नव्हतं, राबणूक म्हणून दिलं होतं. पण चामड्यातलं ज्ञान कुणाचं, हा प्रश्न सोडून चालणार नाही. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत. नुसता धब आवाज येतो. तबल्याला आणि मृदंगाला मधोमध शाई लावतात, तिच्या वजनामुळे ते सूर जुळतात आणि वाद्य सुरात बोलतं. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी हे शास्त्रीय रीतीनं मांडलं. मोठं काम केलं. पण शाईचा थर कुठं किती द्यायचा, कातडं कुठलं घ्यायचं, हे ज्यांच्या बोटांना आधीच ठाऊक होतं ते बहुतेक कातडं कमावणारे लोक होते. मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती घराण्यांवर टी. एम. कृष्णा यांनी पुस्तक लिहिलं ते २०२० मध्ये. शंभर वर्षांनी. टाळ्या वाजवणाऱ्याला मिळतात, बनवणारा बाहेर ओटीवर.

सगळ्यात महत्त्वाचं कातडं मात्र प्रत्येकाच्या कानात आहे, आणि त्याच्यामागं पाणी आहे.

कानाच्या पडद्यामागं तीन हाडं. हातोडा, ऐरण, रिकीब. रिकीब हे अंगातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर. तिच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी, पुस्तकात तिला कर्णावर्त म्हणतात. ती पाण्यासारख्या द्रवानं भरलेली असते. म्हणजे बघा, बाहेर हवा, आत पाणी. जी सीमा आवाजाचे हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग परत पाठवते, तीच सीमा आपल्या डोक्यात आहे. मग आपण ऐकतो कसे?

या तीन हाडांमुळे. पडदा रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे सतरा पट मोठा. मोठ्या पडद्यावरचा जोर लहान तळव्यावर एकवटतो, हाडांची तरफ त्यात आणखी भर घालते. दाब वीस-बावीस पटीनं वाढतो, आणि हवेतला आवाज पाण्यात शिरतो. ओरडून ओरडून सीमा ओलांडता येत नाही. लहान हाडांची साखळी लागते, एकाला एक घट्ट लागून असलेली. रोहू-कतल्यासारख्या माशांतही अशीच साखळी आहे. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडं जोडलेली असतात. आपले ढिवर भाऊ पाणी बडवून मासा जाळ्याकडे हाकलतात, ते त्याला बरोबर ऐकू जातं.

कानातलं हे पाणी बामणाच्या कानात तेवढंच आणि आपल्या कानात तेवढंच. ते कोणी बाटवू शकत नाही, कोणी शुद्धही करू शकत नाही.

पण खराब करू शकतं. आता मिलचं बोलतो, कारण हे सगळं शिकण्याचं कारण तेच आहे.

हंगामात मी जिनिंगमध्ये असतो, हंगाम सरला की भात गिरणीत. जिनिंगमध्ये रोलर, ब्लोअर, पट्टे एकदम चालतात. शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं, नाही तर ओठ वाचायचे. आमचा फिटर बेअरिंग तपासतो तेव्हा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाच्या हाडाला लावतो. हवेतला सगळा गोंगाट बाजूला राहतो, पोलादातून त्या एका बेअरिंगची कुरकुर सरळ डोक्यात येते. "हे आठ दिस बी नाई टिकत," म्हणतो, आणि तसंच होतं. यंत्राच्या आत काय दुखतं ते ऐकायची एवढी चांगली पद्धत मिलमध्ये आहे. माणसाच्या आत काय झिजतं ते ऐकायची कोणतीच नाही.

काय झिजतं ते सांगतो. कर्णावर्तात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. आवाजानं द्रव हलला की केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचा आवाज घेणाऱ्या. म्हणून माणूस एकदम बहिरा होत नाही. आधी त्याची व्यंजनं जातात. स, श, त, थ, फ ही बारीक अक्षरं गळतात, स्वर राहतात. साप म्हणा, ताप म्हणा, थाप म्हणा, त्याला सगळं 'आप' ऐकू येतं. आमच्यासोबत तीस हंगाम काढलेले एक काकाजी आहेत. ते म्हणतात, "आवाज येते बाबू, बोल नाई येत." घरी नातू बोलतो, ते नुसते हसतात. घरचे म्हणतात, बुढा तऱ्हेवाईक झाला. सभेत मागं बसतात. आपल्या सभेतही.

कायदा काय सांगतो? आजवरच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन अशी हद्द धरलेली होती. अमेरिकेतल्या निओश या संस्थेनं आठ तासांना ८५ च सुचवली आहे. डेसिबलची मोजणी साधी नाही, दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते. आवाजानं येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवण्याच्या रोगांत होतं. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, तिच्या यादीतही ते आहे. भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात ते धंद्याचा रोग म्हणून धरलं होतं, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही धरलं आहे.

मग अडतं कुठं? इथं नीट वाचा. भरपाईला त्या मालकाकडे सलग सहा महिने नोकरी लागते. दुसऱ्या मालकाकडचं तेच काम त्यात धरत नाहीत. आणि जिनिंगचा हंगाम किती? कापूस आला की सुरू, संपला की बंद. पाच महिने, फार तर साडेपाच. तीस हंगाम म्हणजे बारा-तेरा वर्षांचा गोंगाट कानात गेला, पण कायद्याच्या वहीत सहा महिने एकदाही भरले नाहीत. बॉईलच्या घड्याळासारखं. चालू सारखं आहे, पण आवाज जायला माध्यमच नाही. शिवाय आपण ठेकेदाराकडे. हजेरीवर नाव कधी असतं, कधी नसतं.

दुसरी गोष्ट सुरुंगाची. भद्रावतीच्या भोवती कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. जमिनीखालच्या खाणीत जुने कामगार छताला काठीनं ठोकून बघत. खणखणीत वाजलं तर छत धरून आहे, पोकळ वाजलं तर आतला थर सुटला, पळा. उघड्या खाणीत आता जमीनच ठोकली जाते. दोन किलोमीटरवर सुरुंग उडाला तर आधी फळीवरची भांडी वाजतात आणि पाचेक सेकंदांनी कानावर आवाज येतो. जमिनीतून धक्का लवकर येतो, हवेतून मागून येतो. भिंतीला चीर पडली की साहेब लोक म्हणतात, घरच कच्चं होतं. याचंही माप आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणीबाहेरच्या लोकांच्या घरांसाठी, कच्च्या घरांसुद्धा, जमिनीच्या हादऱ्याची मर्यादा दिली आहे. आठच्या खालची कंपनं असतील तर सेकंदाला ५ मिलिमीटर, आठ ते पंचवीसपर्यंत १०, त्यावर १५. घर कच्चं म्हणून मर्यादा सुटत नाही. कच्च्या घराचा विचार करूनच ती लिहिली आहे.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी. माझे पणजोबा इथून पायी गेले होते. आजी सांगते, ते फार मागं उभे होते, त्यांना बाबासाहेब मुंगीएवढे दिसले. पुढच्यानं ऐकलं ते त्यानं मागच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. असे बावीस शब्द पोचले तर बावीस, पण पोचले ते पणजोबांनी मरेपर्यंत पाळले. आज १४ एप्रिलला आपण ट्रॅक्टरवर डीजेच्या भिंती उभ्या करतो. २००० च्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दुसरे लोक त्यांच्या सणाला ती मोडतात, म्हणून आपणही मोडायची? दिवसभर मिलमध्ये कान गेलेला बाप आणि त्याच्या खांद्यावर बसून डीजेसमोर झुलणारं दोन वर्षांचं लेकरू. वेद ऐकला म्हणून ज्यांच्या कानात धातू ओतायचं लिहून ठेवलं, त्यांनी आपल्या लेकरांचे कान आपल्याच हातानं बुजवायचे? हे बोललो तर काही मित्र रागावतील. रागवा, पण ऐका.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. प्रत्येक वस्तीतल्या मिल कामगारांची, खाण कामगारांची नावं लिहा. किती हंगाम, कोणत्या खात्यात, कोणत्या ठेकेदाराकडे, सगळं तारखेसकट. त्यांना सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात नेऊन कान मोजून घ्या आणि कागद जपून ठेवा. नुसतं 'ऐकू येत नाही' हे म्हणणं झालं, चार हजार कंपनांना किती डेसिबल गेलं हा पुरावा झाला. मिलमध्ये कानाचे बोळे आणि टोप्या मागा, आवाजाची मोजणी मागा. खाणीकडे सुरुंगाच्या हादऱ्याच्या नोंदी मागा. हंगामी कामगाराचे सहा महिने हंगाम जोडून धरावेत, ही मागणी युनियनच्या कागदावर पहिली घ्या. जयंतीला डीजेच्या भाड्यातला अर्धा पैसा या कामाला काढा. आणि सभेत मागं बसलेल्या, नुसतं हसणाऱ्या म्हाताऱ्यांना पुढं आणून बसवा. त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोला. बारीक अक्षरं स्पष्ट उच्चारा.

हे काम लहान हाडांचं आहे. त्याचं नाव होत नाही. पण सीमा तेच ओलांडतं.

जयभीम.